पोपटरावांचा साधा आवाज

बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन दुकानात येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास खोटं बोलतो. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." मिरजेत बिघडलेल्या डिस्का दुरुस्त करणाऱ्या तबस्सुम सतारमेकरच्या एकवीस वर्षांच्या धंद्यात या नियमाला दोनच अपवाद निघाले होते. दोघेही वकील होते आणि दोघांनीही पहिलं वाक्य बोलायचंच टाळलं होतं.

तिची पद्धत ठरलेली होती. खोटं शांतपणे ऐकून घ्यायचं, खुर्ची द्यायची, चहा सांगायचा. चहा अर्ध्यावर आला की खरं आपोआप वर येतं. वैजयंता सावर्डेकर यांना तर दोनच घोट पुरले.

"फ्रीजमदी ठेवली हुती," त्या कपातच बघत म्हणाल्या.

"किती वेळ?"

"दोन दिस. भाचा म्हणला, मोबाईल भिजला तर तांदळात आन् डिस्क अडली तर फ्रीजमदी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी जरा आपटली. हळूच."

"कशावर?"

"उंबऱ्यावर."

शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मांडीवरच्या पाटीवर खडूनं लिहिलं आणि पाटी तबस्सुमकडे फिरवली. 'हळूच नव्हे.'

हे पोपटराव सावर्डेकर. तासगाव तालुक्यातले. सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानांत पस्तीस वर्षं माईक यांच्या हातात होता. दोन मल्ल मातीत काय करतात ते लांब बसलेल्या वीस हजार माणसांना डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त दिसायचं, ते यांच्यामुळे. आईबापांनी नाव पोपट ठेवलं आणि मुलानं ते सार्थ केलं. गेल्या वर्षी, म्हणजे २०४३ साली, घशात गाठ निघाली आणि मिरजेतल्याच एका दवाखान्यात सबंध स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. मोबाईलवर टाइप केलं की मोबाईल बोलून दाखवायचा, पण तो आवाज एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईचा. पोपटरावांनी एकदाच ऐकला आणि शेजारच्या शाळेतून पाटी मागवली.

आता दवाखान्यात कंठपेटी आली होती. हनुवटीखाली चिकटणारी एक पातळ पट्टी आणि टाळूत बसणारा वाटाण्याएवढा स्पीकर. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा आवाज निघो न निघो, जीभ, जबडा आणि घशाचे उरलेले स्नायू आपापली हालचाल करतातच. पट्टी ती हालचाल वाचते, शब्द ओळखते आणि स्पीकर तो शब्द उच्चारतो. कोणाच्या आवाजात? ज्याचा त्याच्याच, पण त्यासाठी पेटीला आधी त्याचा जुना आवाज शिकवावा लागतो. चाळीस मिनिटांचं साधं बोलणं हवं. तेवढं नसेल तर पेटी उरलेली जागा सरासरीनं भरून काढते. सांगली जिल्हा, पुरुष, वय साठ ते सत्तर, अशी सरासरी.

ती सरासरी वैजयंताबाईंनी दवाखान्यात ऐकली होती. "नमस्कार, आपण कशा आहात?" असं पेटी म्हणाली होती.

"ह्यो तर बँकेतला माणूस बोलतोय," असं म्हणून त्या उठून आल्या होत्या.

पेटीला पाया म्हणून शिकवायचा हा आवाज एकदाच घालायचा असतो. पुढे माणूस आणि पेटी एकमेकांकडून शिकत जातात. मध्येच पाया बदलला तर महिनोन् महिने तोतरं बोलावं लागतं. पेटी बसवायची तारीख होती पुढचा मंगळवार, म्हणजे सहा दिवस हातात. इंटरनेटवर पोपटरावांच्या कुस्त्या ढिगानं होत्या, पण त्यांत हलगी, शिट्ट्या आणि वीस हजार माणसं एकदमच बोलत होती. माईकमधून थेट घेतलेलं स्वच्छ ध्वनिमुद्रण एकाच ठिकाणी होतं. या डिस्कवर.

तबस्सुमनं वायर बदलली, वीज दुसरीकडून दिली. पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं आणि मग काहीच नाही.

"नाव विचारलं तर सांगते," ती म्हणाली. "पुढं काही विचारलं की गप्प."

"म्हंजी घरातल्या माणसागतच की," वैजयंताबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या.

तबस्सुमचे वडील याच गल्लीत तंबोरे करायचे. त्यांनी हयातभर पोरीला एकच गोष्ट शिकवली, की वाद्य बिघडलं की आधी हत्यार उचलायचं नाही, कान लावायचा. आता गल्लीत तंबोऱ्यांची दोनच दुकानं उरली होती, पण कान लावायची रीत तिनं सोडली नव्हती. सागवानी खुंटीचं एक टोक तिनं डिस्कवर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं. आत ताटली फिरायला लागली. टक. टक. टक. मग सुस्कारा टाकल्यासारखा आवाज, आणि शांतता.

आपटल्याचा आवाज असा नसतो. आपटलेली डिस्क खरवडते. ही खरवडत नव्हती. पाय पुढे टाकायची आणि मागे घ्यायची.

तिनं डिस्क उलटी केली. वरच्या पत्र्यावर मधोमध लाल, कडक, चांगला नखभर जाडीचा खवला बसला होता. त्यावर एक तांदळाचा दाणा.

"हे काय?"

"कुक्कू," वैजयंताबाई म्हणाल्या. "खंडेनवमीचं. ह्यांचं हत्यार तेच की. पैलवानाची माती, लोहाराचा घण, तसं ह्यांचं ते. दर साली पूजा व्हायची."

"आणि कुंकू बरोबर इथंच?"

"मधी गोल दिसला. कपाळ वाटलं."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारखी गुळगुळीत ताटली मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेते, आणि तिच्यावर वाचणारा काटा टेकत नाही, तरंगतो. ताटलीच्या वेगानं जी हवा ओढली जाते तिच्या पातळ गादीवर. ती गादी इतकी पातळ की केस मध्ये आला तर काट्याला तो डोंगर. म्हणून धुळीला आत पूर्ण बंदी, पण हवा मात्र लागतेच. आणि ती आतबाहेर करायला पत्र्यावर एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आतून गाळणी लावून. शेजारी चार भाषांत लिहिलेलंही असतं की हे भोक झाकू नका. मराठी त्या चार भाषांत नव्हती. डिस्क तापली की आतली हवा फुगून रबरी कडेनं थोडी थोडी निसटते. थंड झाली की त्या भोकातून पुन्हा आत येते. भोकच बुजलं तर दर खेपेला आतली हवा विरळ होत जाते. एक दिवस काट्याला तरंगायला गादी पुरत नाही. मग शहाणी डिस्क काटा टेकवण्याआधीच मागे घेते. टक, टक, टक.

तबस्सुमनं हे सगळं एका वाक्यात सांगायचं, की सांगायचंच नाही, याचा विचार केला. माणसांबद्दलची तिची नोंद पक्की होती: खरं कारण कळल्यानं डिस्क कधी दुरुस्त झालेली नाही, घरं मात्र बिघडली आहेत. ती म्हणणारच होती की जुनी आहे, होतं असं. पण वैजयंताबाई त्या लाल खवल्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट पदरात गेलं होतं.

"माझ्याच बोटानं झालं व्हय हे?"

तबस्सुमनं खणातून चिकटपट्टी काढली.

"सवत म्हणायची मी हिला," त्या म्हणाल्या. "मैदानावनं आलं की हे आधी हिच्यापाशी. जेवण मागनं. तरीबी म्हणलं, सवत झाली म्हणून काय झालं, सवाष्ण हाय. दर साली लावलं. अठरा वर्षं."

खडू कुरकुरला. पाटी पुढे आली. 'कुंकू मीच लावायला सांगितलं होतं.'

वैजयंताबाईंनी पाटी वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तबस्सुमला उमगलं की या दुकानात आज दुसरं खोटं बोललं गेलं आहे. आणि पहिलं खोटं माणसं स्वतःला वाचवायला बोलतात, हे तसं नव्हतं.

खवला खरवडायचा नव्हता. चुरा आत गेला असता तर खेळ खलास. तिनं तो चिकटपट्टीनं अलगद उचलला. मग डिस्क गाळलेल्या हवेच्या काचपेटीत ठेवून, हात रबरी मोज्यांत घालून झाकण उघडलं. ताटलीवर दोन धुरकट वळ होते. भाच्यानं सुचवलेल्या फ्रीजमधला दमट वारा आणि उंबरा यांनी आपापली सही केली होती. कपाटातल्या तीनशे मेलेल्या डिस्कांतून याच जातीची एक शोधून तिचा काटा काढला आणि हिला बसवला. वाचायला लावलं ते अगदी सावकाश, आजारी माणसाला चमच्यानं पेज भरवावी तसं.

शुक्रवारी दुपारी पहिली फाइल उघडली.

"एकेरी पट काढला! काढला! आरं, पण वरच्यानं कंबर सोडली का? न्हाई सोडली! ढाक लागतीया, ढाक लागतीया, पुढच्या मंडळींनी खाली बसा, तुमची डोकी काय काचेची हायती काय!"

दुकानाच्या काचा थरथरल्या. पोपटराव समोर बसून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, एक शब्दही चुकत नव्हता. वैजयंताबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या, आणि दोन्ही कामं एकदम करताना त्यांना कसलीच अडचण दिसत नव्हती.

तो आनंद शनिवारी सकाळपर्यंत टिकला. दवाखान्यात आवाज शिकवायचं काम समिधा कुलगुडे पाहत होत्या. त्यांनी फायली ऐकल्या आणि फोन केला.

"तबस्सुमताई, सुंदर आहे. पण हे सगळं ओरडणं आहे. यावर पेटी शिकवली तर ते मीठसुद्धा असंच मागतील. मला साधं बोलणं हवं. चाळीस मिनिटं. घरचं काही नाही का?"

तबस्सुमनं वैजयंताबाईंना विचारलं.

"घरचं?" त्या म्हणाल्या. "ताई, बाहेर वीस हजार माणसाला पुरंल एवढं बोलून यायचं, घरात काय शिल्लक ऱ्हायचं? हूं आन् हां. चाळीस मिनिटं जमवायला चाळीस वरसं लागतील. आमच्या लग्नाला अडतीसच झालीत."

पोपटराव कोरी पाटीच पुसत बसले.

शनिवार आणि रविवार तबस्सुमनं कुस्त्या ऐकण्यात घालवले. एकशे शहात्तर मैदानं वाचली गेली होती, बाकीची धुरकट वळांत गेली. सुरुवातीचं तिनं सोडलं. तिथेही ललकाऱ्याच होत्या. मग एका फाइलच्या अगदी शेवटी, निकालाची कुस्ती होऊन गेल्यावर, हलगी थांबल्यावर, माणसं धूळ झटकत घराकडे निघाल्यावर, तिला एक वेगळाच माणूस ऐकू आला. घसा बसलेला. दमलेला. माईक तोंडाजवळ धरलेला.

"आखाड्याची माती चाळली, तीत ताक आणि हळद घातली, त्या समद्या पोरांचे आभार. दिवसभर पाणी वाटलं त्या काशिबा मामांचे आभार. हलगीवाल्यांचे हात दुखत असतील, त्यांचे आभार. कुणाचं नाव ऱ्हायलं असंल तर त्यानं आपल्या मनात घ्यावं."

तिनं दुसरी फाइल उघडली. शेवट. तिथेही आभार. तिसरी. आपल्याकडे कार्यक्रम बारशाचा असो की शोकसभेचा, आभारप्रदर्शनाशिवाय सुटत नाही. आणि ते ऐकायला कधी कोणी थांबत नाही. पोपटराव एकशे शहात्तर वेळा रिकाम्या होत चाललेल्या मैदानाशी साध्या आवाजात बोलले होते. एकेक बारा-पंधरा सेकंदांचं. तिनं सगळे तुकडे जोडले. एकेचाळीस मिनिटं भरली.

सोमवारी तिनं ते वैजयंताबाईंना ऐकवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं. पोपटराव बाहेर उसाचा रस घ्यायला गेले होते.

"मंडपवाला हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "टँकरवाला हाय. गाडी लावायला ज्यानं रान दिलं त्यो हाय. माजं नाव कुठं हाय का, ताई?"

तबस्सुमनं सगळं दोनदा ऐकलं होतं. तिचा कान आणि तिची नोंद, दोन्हींत चूक नव्हती.

"नाही."

"कशाला असंल," वैजयंताबाई लगेच म्हणाल्या. "घरच्याचं आभार मानलं की घरचं माणूस परकं हुतं." मग जराशानं: "त्या काशिबा मामाला मीच धाडायची पाणी वाटायला."

मंगळवारी पेटी बसली. तबस्सुमला हटकून बोलावलं होतं. पट्टी चिकटवली, समिधाबाईंनी खूण केली, आणि पोपटराव सावर्डेकर अकरा महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले.

"पाणी दे गं जरा."

आवाज त्यांचाच होता. तोच खर्ज, तीच 'र'वरची किंचित धार. पण खोलीतली तिन्ही माणसं एकदम थबकली. कारण ते पाणी त्यांनी मागितलं होतं अशा सुरात, की जणू पाणी पिऊन झालंय, तहान भागलीय, आणि देणाऱ्याचा ऋणी माणूस आता दोन शब्द बोलतोय.

"आँ?" वैजयंताबाई म्हणाल्या.

"पाणी म्हणालो," पोपटराव म्हणाले, आणि तेही तसंच, हात जोडल्यासारखं. त्यांनी दचकून गळ्याला हात लावला. "ह्ये काय? मी असा बोलतो व्हय?" हा प्रश्नही त्यांच्या तोंडून कृतज्ञतेनं ओथंबून आला.

"मला समितीचा अध्यक्ष केलंय की ह्यांनी!" वैजयंताबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

समिधाबाईंनी समजावलं. पेटी आवाज शिकते तेव्हा चालही शिकते. शब्द कुठे वर जातो, कुठे टेकतो. तिला सगळं शिक्षण आभारांचं मिळालं, म्हणून तिची एकच चाल. पण ती कायमची नाही. रोज बोलताना पेटी घशाच्या स्नायूंचा ताण मोजते, राग कुठे, घाई कुठे, आणि हळूहळू उसनी चाल सोडून माणसाची स्वतःची धरते. चार-पाच महिने लागतील. "तोवर नको असेल तर मी चाल सपाट करून देते. आत्ता लगेच."

"करा सपाट," पोपटराव म्हणाले. "मला लाज वाटती." हेही इतकं गोड म्हणाले की लाज कोणालाच दिसली नाही.

"ऱ्हाऊ द्या," वैजयंताबाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "चारच महिनं हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या."

पोपटरावांनी बायकोकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

पुढच्या काही महिन्यांत तासगावाकडून बातम्या येत राहिल्या. पोपटरावांनी वीजबिलाच्या चुकीवरून कचेरीत भांडण काढलं आणि साहेबानं उठून त्यांना नमस्कार केला. भाच्याला डिस्कवरून झापलं तर तो म्हणाला, "मामा, एवढं काय, माझं कर्तव्यच होतं." घरात मात्र, शेजारणींच्या म्हणण्यानुसार, बोलणं वाढलं होतं. भाजीत मीठ कमी आहे, टॉवेल कुठाय, आज उशीर का केलास. साधीच वाक्यं, पण ती ऐकायला वैजयंताबाई चुलीवरचं उतरवून बाहेर यायच्या म्हणे.

सातव्या महिन्यात समिधाबाईंचा फोन आला.

"तबस्सुमताई, एक विचारायचं होतं. तुमच्या फायलींत काही वेगळं होतं का? सावर्डेकरांच्या पेटीतली उसनी चाल तिसऱ्या महिन्यातच शून्यावर आलीय. मी आकडे दोनदा तपासले. पेटी आता स्वतःहून काहीच घालत नाही, स्नायू देतील तेवढंच बोलते. बाहेर ते व्यवस्थित ओरडतात, परवा रिक्षावाल्याशी भांडले तेही अगदी खणखणीत. पण बायकोशी बोलले की अजून तोच सूर. यंत्रात दोष सापडत नाहीये."

"सापडणार नाही," तबस्सुम म्हणाली.

त्याच आठवड्यात दोघं दुकानात आली. सगळी मैदानं काचेच्या पत्रीवर उतरवून हवी होती. आता लोक जपायचं ते काचेतच जपत, तिला ना काटा ना हवा, आणि निवेदन शिकणाऱ्या नव्या पोरांना ती द्यायची होती. वैजयंताबाई समोरच्या दुकानात तंबोरे बघायला गेल्या. पोपटराव काउंटरवर वाकले.

"तबस्सुमताई, तुमच्यामुळं मला माझा आवाज मिळाला. तुमचं नाव मी कुठल्याबी मैदानात पहिलं घेईन." मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "दवाखान्याच्या बाई म्हणल्या की ती चाल कवाच गेली. हिला तेवढं सांगू नका. यंत्राचंच हाय म्हणून मला बोलाय जमतंय. माझं हाय म्हणलं तर पुन्यांदा हूं आन् हां."

"नाही सांगणार," तबस्सुम म्हणाली.

ते पत्रीच्या पेटीवर गावाचं नाव लिहायला बसले. वैजयंताबाई परत आल्या आणि तबस्सुमच्या कानाशी लागल्या.

"दवाखान्याचा कागद आधी माझ्या हातात येतो, ताई. मला वाचाय येतं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "त्यांना कळू देऊ नका."

एवढं बोलून त्यांनी खाली ठेवलेली भाजीची पिशवी उचलली.

"जड हाय ती," पोपटराव पेन टाकून उठले. "दे हिकडं."

पाच शब्दांपलीकडे त्यात काही नव्हतं. पण गल्लीतून जाणारा एक अनोळखी माणूसही ते ऐकून क्षणभर थांबला आणि आपल्याला कोणी काय दिलं होतं ते आठवल्यासारखा पुढे गेला.

"बघा," वैजयंताबाई पिशवी नवऱ्याच्या हातात देत तबस्सुमला म्हणाल्या, "यंत्र कसं बोलतंय ते."